४१६००५ ला जनक नाही

मी श्री शाहू मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, संख्या, वजन, दर, मग हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम, असं सगळं पट्टीवर उतरवायचं. पट्टीच्या डोक्यावर दुकानाचं नाव, त्याखाली पत्ता आणि पत्त्याच्या शेवटी पिन कोड, ४१६००५. दिवाळी पाडव्याला सौदे सुरू झाले की हा आकडा दिवसभर डोळ्यांखालून जातो.

हा आकडा देवळाली संख्या आहे. कोल्हापूर शहराच्या ४१६००१ ते ४१६०१३ या तेरा संख्यांमध्ये तशी ही एकटीच. मला हे कळलं तेव्हा दुकानात जो भेटेल त्याला मी सांगत सुटले होते. सगळ्यांना नीट पोचलं असं वाटत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

आधी या संख्या ज्यांनी मांडल्या त्या कापरेकरांबद्दल. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्यात फर्ग्युसनला शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. गणितातली वरची पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. शाळा सांभाळून जो वेळ उरेल त्यात आकडे. त्यांच्या कामाला नाकं मुरडणारे इथंच पुष्कळ होते. १९७५ मध्ये गणिताच्या खेळांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि मग जगभर नाव झालं. आज कुठल्याही देशातल्या गणितप्रेमी पोराला त्यांचा ६१७४ हा आकडा माहीत असतो; त्याची गोष्ट पुढं येते. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. त्यांना हवं होतं तेवढं सगळं सामान माझ्या टेबलावरही असतं: कागद, पेन आणि बेरीज-वजाबाकी.

देवळाली संख्या म्हणजे काय, तर असं. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतली तर २ आणि १ मिळून ३, म्हणून २१ + ३ = २४. इथं २१ ही २४ ची जनक. काही संख्यांना दोन जनक असतात. १०० मध्ये १ मिळवला तरी १०१ येतात आणि ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१ च. आणि काही संख्यांना जनकच नसतो. कुठूनही निघा, त्या संख्येवर पाऊल पडत नाही. २० घ्या, ३१ घ्या, ४२ घ्या, ५३ घ्या. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटलं आणि आपल्या गावावरून देवळालीही.

आमच्या इथल्या हमाल तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे ह्याला बापच न्हाई म्हणा की." अगदी तेच.

पण "नाही" म्हणायचं तर ते दाखवायला हवं. ४१६००५ च्या आधीच्या सगळ्या संख्या तपासत बसायची गरज नाही. सहा अंकांची बेरीज जास्तीत जास्त ५४, कारण सगळे ९ असले तरी सहा नव्वे चोपन्न. म्हणजे जनक असलाच तर तो ४१५९५१ च्या मागं असू शकत नाही. उलट बाजूनं, ४१६००० च्या अंकांचीच बेरीज ११ होते, म्हणून तिथून पाऊल टाकलं तर ते ४१६०११ वर पडतं, यार्डाच्या पुढं. मग उरल्या फक्त ४१५९ नं सुरू होणाऱ्या संख्या. ४, १, ५ आणि ९ मिळून १९. हे १९ आधीच ४१५९०० मध्ये घातले की ४१५९१९ होतात आणि ४१६००५ ला ८६ कमी पडतात. हे ८६ शेवटच्या दोन अंकांनी भरून काढायचे. दशकाचा अंक इथं अकरा पट मोजला जातो, कारण त्याची जागा दहाची आणि बेरजेत तो स्वतः आणखी एकदा येतो. एककाचा अंक दुप्पट. म्हणजे अकरा पट दशक आणि दुप्पट एकक मिळून ८६ व्हायला हवेत. ८६ सम, दुप्पट एकक सम, म्हणून दशकही समच हवा. ८ घेतला तर ८८, जास्त झाले. ६ घेतला तर ६६, उरले २०, म्हणजे एकक १० हवा, आणि १० हा काही एक अंक नव्हे. ४, २, ० घेतले तर एकक आणखीच मोठा लागतो. संपलं. जनक नाही.

मला यातला तो ६६ चा टप्पा फार आवडतो. फक्त एकानं हुकतं. एककाच्या घरात ९ पर्यंतच जागा आहे आणि इथं १० लागतात.

बाकीच्या बारांना जनक सापडतात, आणि त्यात एक जोडी गावातल्या गावातच आहे. शाहूपुरीच्या ४१६००१ च्या अंकांची बेरीज १२. त्यात मिळवली की ४१६०१३, म्हणजे मोरेवाडी, आर. के. नगरचा भाग. महाद्वार रोडच्या ४१६०१२ चा जनक मात्र शहराच्या आकड्यांबाहेर, ४१५९७८. हे माहीत झाल्यावर देवळालीचा पिन तपासल्याशिवाय राहवेना. देवळाली कॅम्प ४२२४०१. त्याला जनक आहे: ४२२३८१ च्या अंकांची बेरीज २० आणि ४२२३८१ + २० = ४२२४०१. देवळालीचा स्वतःचा आकडा देवळाली संख्या नाही, आणि आमच्या गुळाच्या यार्डाचा आहे. देवळाली संख्या साधारण दहात एक असतात, तेव्हा तेरांत एक सापडणं यात चमत्कार काही नाही. ती नेमकी आमच्या पत्त्यावर असावी, याचा मात्र मला मनापासून आनंद आहे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मावशी, पिन ही काय मोजदाद आहे का? नुसती खूण आहे ती. तिचे अवयव पाडून काय मिळणार?" प्रश्न चांगला होता. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. वेलणकर पोस्ट खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी, आपल्याच कोकणातले. एकाच नावाची दहा गावं, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, यात पत्र भलतीकडे जाऊ नये म्हणून सहा अंक. पहिला अंक विभागाचा, आपला ४, त्यात महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टाचे. आपला ४१६ कोल्हापूरपासून सांगलीपर्यंत आणि घाट उतरून सावंतवाडी, मालवणपर्यंत पसरलेला. वेलणकरांनी मूळ अवयवांचा विचार केला असेल असं मीही म्हणत नाही. पण खूण म्हणून लिहिलेली असली तरी ती संख्याच आहे, आणि संख्या म्हटली की तिच्याबद्दल काही गोष्टी खऱ्या असतात, आपण बघो न बघो. यार्ड म्हणजे ५ × १९ × २९ × १५१. राजारामपुरीचा ४१६००८ म्हणजे ८ × १४९ × ३४९. विद्यापीठाचा ४१६००४ म्हणजे १२ × ३४६६७, आणि ३४६६७ ही मूळ संख्या, तिला पुढं फोडताच येत नाही. हे मी कॅल्क्युलेटरवर एकेका मूळ संख्येनं भागत १८१ पर्यंत जाऊन पाहिलं. १८७ चा वर्ग ३४६६७ च्या वर जातो, म्हणून त्यापुढं बघावं लागत नाही.

आता कापरेकरांची दुसरी जात, हर्षद संख्या. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला निःशेष भाग जातो ती हर्षद. १८ ची बेरीज ९ आणि १८ ला ९ नं भाग जातो. दहा लाखांपर्यंत बघितलं तर अशाही साधारण दहात एक येतात. म्हणून वाटलं, कोल्हापूरच्या तेरांत एखादी तरी मिळेल. नाही मिळत. एकही नाही.

०१, ०३, ०५, ०७, ०९ वर संपणाऱ्या पाच तर भागायच्या आधीच बाद होतात. संख्या विषम आणि अंकांची बेरीज १२, १४, १६, १८, २०, म्हणजे सम. विषमला समनं भाग जाणार कसा? ४१६००४ आणि ४१६०१३ यांची बेरीज १५, म्हणजे शेवटी ० किंवा ५ हवा, तो नाही. ४१६०१० ची बेरीज १२, बाकी ६. ४१६०१२ ची १४, बाकी २. राजारामपुरीची १९, बाकी ३. ४१६००२ आणि ४१६०११, दोघींची बेरीज १३. ४१६००० ला १३ नं चोख भाग जातो, म्हणून बाक्या २ आणि ११ सरळच दिसतात. सगळ्यात चुटपुट लावते ती ४१६००६. बेरीज १७, आणि १७ × २४४७१ = ४१६००७. एकानं गेली. आणि ज्या ४१६००७ ला १७ नं भाग जातो तिची बेरीज तोवर १८ झालेली.

मग मी जिल्ह्यात हिंडले, कागदावरच. जयसिंगपूर ४१६१०१, नाही. इचलकरंजी ४१६११५, नाही. पन्हाळा, कागल, राधानगरी, आजरा, नाही. मिरज ४१६४१०, नाही. आणि सांगली.

सांगली ४१६४१६. अंकांची बेरीज २२. आणि २२ × १८९२८ = ४१६४१६.

माझी आक्का सांगलीत दिली आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, "मग, सांगली हाय ती." कोल्हापूरकराला हे ऐकून घ्यावं लागतं, पण खरं सांगायचं तर मी तेव्हा कोल्हापूर-सांगलीच्या पलीकडं गेले होते. हे असं का होतं ते मला हवं होतं. आणि इथं "का" सापडतो, पुरता सापडतो.

४१६४१६ म्हणजे ४१६ शेजारी पुन्हा ४१६. तीन अंक दोनदा लिहिले की ती संख्या म्हणजे त्या तीन अंकांची १००१ पट, कारण एकदा हजारानं गुणून पुढं सरकवले आणि एकदा तसेच मिळवले. आणि १००१ = ७ × ११ × १३. म्हणून असा कुठलाही सहा अंकी आकडा, २५०२५० घ्या किंवा ७८३७८३ घ्या, ७, ११ आणि १३ या तिन्हींनी भागला जातो. आता ४१६ च्या अंकांची बेरीज बघा: ११. दोनदा लिहिल्यावर २२, म्हणजे २ × ११. त्यातला ११ हा १००१ मधून मिळाला आणि २ मिळाला तो ४१६ सम आहे म्हणून. संपलं. आपल्या टपाल जिल्ह्याच्या तीन अंकांची बेरीज नेमकी ११ आहे आणि सांगलीला तेच तीन अंक दोनदा आले, एवढ्यात सगळं आलं.

भाच्याचा पुढचा आक्षेप असा, की हे सगळं आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून. दुसऱ्या पद्धतीत लिहा, हर्षद गायब. आक्षेप बरोबर आहे. संख्येचे मूळ अवयव कुठल्याही पद्धतीत तेच राहतात, पण अंकांची बेरीज लिहिण्याच्या पद्धतीवर ठरते. म्हणून मी ४१६४१६ संगणकासारखी, शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहिली: ११००१०११०१०१०१०००००. यात एक किती? आठ. आणि ४१६४१६ ला ८ नं भाग जातो, ५२०५२ येतात. तिथंही हर्षदच! कारण ४१६ मध्ये ३२ आहे, शेवटची पाच शून्यं तेच सांगतात. भाचा गप्प बसला, आणि मग म्हणाला की तीनाच्या पद्धतीत बघतो. बघू दे.

आता वजाबाकीचा खेळ. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथंच थांबतो. कापरेकरांना हे १९४६ च्या सुमारास सापडलं. सहा अंकांत गंमत वेगळी. तिथं थांबायची ठिकाणं दोन, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि त्याशिवाय सात संख्यांचं एक रिंगण आहे. त्यात शिरलेली संख्या कायम फिरतच राहते.

राजारामपुरी करून बघा. ८६४१०० वजा ००१४६८, आले ८६२६३२. ही रिंगणातलीच आहे. पुढं ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२ आणि पुन्हा ८६२६३२. एका वजाबाकीत रिंगणात. यार्ड दुसऱ्या वजाबाकीला शिरतो, ६५२६४४ वरून थेट ४२०८७६ वर. महाद्वार रोड मात्र ६३०८६४, ८३१७६२, ७५२६४३ असा भटकत भटकत बाराव्या वजाबाकीला ८५१७४२ ला येऊन मिळतो. एका गावातल्या शेजारच्या आकड्यांत एवढा फरक का, याचं सुटसुटीत कारण मला दिसलेलं नाही. वजाबाक्या मांडून बघितल्या तेवढंच.

सांगलीचं कारण पुन्हा दिसतं. ६६४४११ वजा ११४४६६, आले ५४९९४५. पहिल्याच वजाबाकीत थांबायच्या ठिकाणी! आकडे जोडीजोडीनं आहेत म्हणून हे घडतं. दोन सहा, दोन चार, दोन एक. उतरते आणि चढते लिहिले की मधले चार चारांसमोर येऊन एकमेकांना खातात. राहतो फक्त मोठ्या आणि लहान अंकातला फरक, आणि उत्तर म्हणजे त्या फरकाची १०९९८९ पट. ६ मधून १ गेले ५. १०९९८९ × ५ = ५४९९४५. फरक ५ असला की मधला अंक कुठलाही चालतो. तीन अंक दोनदा लिहिलेल्या ज्या ज्या संख्येत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांत ५ चा फरक आहे, ती प्रत्येक संख्या एका वजाबाकीत तिथं जाते. म्हणजे सांगलीचा हर्षदपणाही १००१ मुळं आणि ही उडीही त्याच दोनदा लिहिण्यामुळं. एका मुळाला दोन फांद्या फुटल्यासारखं.

अवयव पूर्ण पाडले तर ४१६४१६ = ३२ × ७ × ११ × १६९. विभाजक ७२. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज ६,९०,३६८, संख्येपेक्षा बरीच जास्त, म्हणून ती विपुल संख्यांत बसते. दोन वर्गांच्या बेरजेत मात्र ती मांडता येत नाही, कारण ७ आणि ११ तिच्यात एकेकदाच आहेत. चारनं भागल्यावर ३ उरणारी मूळ संख्या विषम वेळा आली की ते शक्य नसतं.

कोल्हापूर जिल्ह्याची लाज राखली ती गडहिंग्लजनं. ४१६५०२, अंकांची बेरीज १८, आणि १८ × २३१३९ = ४१६५०२. पहिली खूण करून पुढं गेले तर घाटाखाली कुडाळ: ४१६५२०. बेरीज पुन्हा १८, आणि १८ × २३१४० = ४१६५२०. लागोपाठचा गुणक! अंक तेच सहा, फक्त शेवटचे दोन उलटलेले. ०२ चे २० झाले की संख्या १८ नं वाढते आणि अंकांची बेरीज हलत नाही. ती बेरीजही १८ च. मग एक हर्षद असेल तर दुसरी असणारच, तिला दुसरा मार्गच नाही. या दोघींच्या मध्ये ४१६५११ येते, तिच्याही अंकांची बेरीज १८. पण ती विषम आहे, त्यामुळं ती बाद.